भाऊजींची शेवटची नळी

माझे धाकटे दीर मधुभाऊजी पंखा एकदम पाचवर लावत नाहीत. एकवर लावतात, दहा मिनिटं थांबतात, मग दोन. पाचवर पोचेपर्यंत गोंडपिपरीच्या उन्हाळ्यात पाहुणा निथळत घरी गेलेला असतो.

"एकदम पावर देऊ नाई, वहिनी. ठिणगी पडली का मागं यावं. थांबावं. मंग चढावं."

जन्मभर त्यांनी क्लायस्ट्रॉन बनवले. म्हणजे माणसाएवढी तांब्याची नळी, आतली हवा पार काढून टाकलेली. तिच्यातून निघणाऱ्या जबर लहरींच्या जोरावर अणूहून बारीक कण पळवतात. मला एवढंच कळतं, तेही म्हातारपणी.

नवी नवरी होते तेव्हा तेवढंही कळत नव्हतं. भाऊजी नळीचा एक भाग कारखान्यातून प्रयोगशाळेत नेत होते, वाटेत घरी मुक्काम. पिशवीत पिशवी, आत तांब्याचं भांड्यासारखं काही. मी तेव्हा फार कर्तबगार. पहाटे उठून ते चिंच-मिठानं घासलं आणि सासूबाईंनी कौतुक करावं म्हणून पाणी भरून देवापुढे ठेवलं. भाऊजी पाहतच राहिले. "वहिनी, याले आमी उघड्या हातानं शिवत नाई," एवढंच बोलले. त्यांचं सहा महिन्यांचं काम गेलं. मला मात्र राग आला, साधे आभार मानले नाहीत म्हणून.

निवृत्त झाले तेव्हा त्यांची शेवटची नळी तपासणीवर होती. पूर्ण ताकदीला टिकली तर यंत्रात बसणार, नाहीतर भंगार. म्हणून रोज सकाळी दहाला, हाताखाली शिकलेल्या कविताला फोन.

"किती चढवली? ठिणग्या किती? बरं, तू नाश्ता केला का, बाई?"

बायको गेल्यापासून त्या घरात बोलणं म्हणून तेवढंच.

"काऊन सतावता पोरीले रोज?" मी म्हणायची.

"नळी नाजूक हाये."

परवा कविताचाच फोन आला. नळी पास झाली. मी धावत साखर घेऊन गेले. भाऊजींनी ती तळहातावर घेतली, खाल्ली नाही.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "आता उद्या दहाले कोनाले फोन करू?"

"मले करा."

"तुमी तं समोरच राहता."

"मंग काय झालं?"

काल दहाला माझा फोन वाजला. खिडकीतून ते दिसत होते, ओसरीवर, इस्त्रीचा शर्ट घालून.

"हं, वहिनी. काय चालू हाये?"

"वरण लावलं कुकरले. शिटी व्हायची हाये अजून."

"होऊ द्या," ते म्हणाले. "फोन धरून हाये मी."