भरल्या पोटाची गोधडी

"गोधडी शिवणं म्हणजे काय हो? सुईत दोरा, कापडात सुई! विमान उडवायचंय की काय?"

सोसायटीच्या फाटकापाशी उभे राहून चंद्रप्रकाश परब हे वाक्य ठोकून देत आणि मग शर्टाच्या बाह्या वर सारत. नातीच्या बारशाची गोधडी अर्धी आपणच शिवली, असं त्यांनी वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्या मुलुंडला सांगून झालं होतं. खरं म्हणाल तर त्यांचा वाटा एवढाच, की बायकोला, सुगंधाबाईंना, सुईत दोरा ओवून द्यायचा. त्यातही सुई एकीकडे आणि दोरा दुसरीकडे. शेवटी शेजारच्या शकुवहिनी येऊन दोघांची गाठ घालून देत.

पण परबांच्या तोंडून निघालेली गोष्ट कधी आहे त्या मापाची राहिली आहे? एकदा त्यांच्या पायावरून झुरळ गेलं, तर संध्याकाळपर्यंत ते घोरपड झालं होतं.

तर मे महिना चालू होता. ऊन असं, की कावळासुद्धा सावलीत बसून घाम पुसेल! परबांचं घर तळमजल्यावर, आणि मागच्या दाराला हातरुमालाएवढी बाग. एक पेरू, एक मोगरा, कढीपत्ता, आणि पाखरांसाठी पाण्याचं मातीचं ताट. पेरूच्या सावलीत चटई टाकून सुगंधाबाई गोधडी शिवत. आत सासूबाईंचं जुनं नऊवारी, वर त्यांचं स्वतःचं धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं पातळ. नवं कापड बाळाला टोचतं, हे त्यांचं ठाम मत. बाजूला कोकम सरबताचा पेला, ताटात बुलबुल अंघोळ करतायत, आणि पेरूच्या एका पानाला शिंपी पक्ष्याने टाके घालून घरटं केलेलं. लेक श्रुतिका बाळंतपणाला माहेरी आलेली. आत पाळण्यात चिमुरडी झोपलेली. यापरतं सुख ते काय!

एकच काटा होता. विलेपार्ल्याच्या विहीणबाई, आगाशेबाई, फोनवर म्हणाल्या होत्या, "गोधडी? हौस म्हणून ठीक आहे हो. पण बारशाला पाळण्यात आमचं ब्लँकेटच घालू. इम्पोर्टेड आहे. मशिनमध्ये धुता येतं."

फोन ठेवून सुगंधाबाईंनी एवढा बारीक टाका घातला, की शिंपी पक्षी मान वाकडी करून बघायला लागला.

बारशाच्या आदल्या दिवशी गोधडी पुरी झाली. एक कोपरा तेवढा उघडा ठेवलेला.

"अहो, ह्या कोपऱ्याक हात लावू नका," सुगंधाबाईंनी बजावलं. "गोधडी उपाशीपोटी बंद करायची नसते. आमच्या आयेची रीत. आत चार दाणे घालायचे, मग शेवटचा टाका. म्हणजे पांघरणारा कधी उपाशी निजत नाही. मी बाजारातून आल्यावर घालते. तुम्ही फक्त त्या जवळ्यावर लक्ष ठेवा, कावळे टपलेत."

बागेच्या दुसऱ्या टोकाला जुन्या चादरीवर जवळा वाळत होता. पावसाळ्याची बेगमी. अंजनाबाई कोळणीने खास निवडून दिलेली ती चिमुकली सुकी कोळंबी उन्हात गुलाबी दिसत होती आणि तिचा घमघमाट थेट फाटकापर्यंत पोचत होता.

सुगंधाबाई शकुवहिनींना घेऊन बाजारात गेल्या आणि परबांच्या डोक्यात वीज चमकली. शेवटचा टाका आपण घातला, तर गोधडी आपण शिवली म्हणायला मोकळे! त्यात खोटं काय?

त्यांनी तांदळाचे चार दाणे आणले. कोपऱ्यात घातले. गोधडी हलवून बघितली. काहीच जाणवेना.

"चार दाण्यांत कुणाचं पोट भरतंय?" ते पेरूवरच्या खारीला म्हणाले. "मालवणी चेडवाची गोधडी! पोरीला नुसत्या भातावर ठेवायचं? वर काहीतरी कोरड्यास नको?"

खारीने शेपटी झटकली. परबांनी तो होकार धरला.

त्यांनी मूठभर जवळा घेतला आणि कोपऱ्यातून आत सारला. मग वाटलं, नात आपली एकुलती एक. आणखी एक मूठ. मग वाटलं, विहीणबाईंना कळू दे परबांचा हात किती सढळ आहे. आणखी एक! मग सुई घेऊन त्यांनी कोपरा शिवला. दोनदा आपलं बोट शिवलं, एकदा लुंगी शिवली, ती सोडवली, आणि अखेर गाठ मारली. टाके असे पडले होते, की शिंपी पक्ष्याने तोंड फिरवलं.

सुगंधाबाई आल्या. कोपरा बघून आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग ते वेडेवाकडे टाके बघून त्यांना हसू फुटलं.

"केलातच ना शेवटी! पोट भरलात?"

"भरपेट!" परब छाती काढून म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना वास कसा आला नाही? अहो, सगळं घरच जवळ्याने दरवळत होतं! त्यात गोधडीचा वेगळा वास तो काय ओळखू येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाबाईंनी सगळा जवळा डब्यात भरला, पाहुणे शाकाहारी म्हणून घर धुऊन काढलं, अगरबत्त्या लावल्या आणि गोधडी ऊन दाखवायला दोरीवर टाकली. आणि मग सुरू झालं संमेलन! पहिल्यांदा कावळे आले. मग कुंपणातून मुंगसाने नाक काढलं. मग सोसायटीतली झाडून सगळी मांजरं दोरीखाली मांडी घालून बसली, कीर्तनाला बसावी तशी. सर्वांत पुढे खंडू. खंडू म्हणजे सोसायटीचा बोका, अंगाने गॅसच्या सिलिंडरएवढा.

"बघा, बघा!" परब कुंपणापलीकडच्या शकुवहिनींना म्हणाले. "कला जनावरालाही कळते!"

एवढ्यात खंडूने उडी मारून नेमका तोच कोपरा हुंगला, आणि परबांना आतला जवळा आठवला. वाट लागली!

त्यांनी गोधडी ओढून घेतली आणि कात्री, कात्री करत घरात पळाले. दारात सुगंधाबाई.

"कात्री कशाला?"

"एक टाका जरा... सैल वाटतोय."

"खबरदार! पोट भरलेली गोधडी बाळ निजण्याआधी उसवायची नसते. अपशकून होतो. आणा इकडे."

मग परबांनी काय करावं? सुगंधाबाईंची पाठ वळताच बारशाला आणलेलं गुलाबपाणी आख्खं त्या कोपऱ्यावर ओतलं. त्यावर अत्तर. त्यावर टाल्कम पावडर. आता गोधडीला असा वास येऊ लागला, जणू एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडाची होडी मासळीबाजारात शिरली आहे. मग त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

पार्लेकर मंडळी आली. जावई सौरभ, त्याची आई आगाशेबाई रेशमी साडीत, आणि गाडी लावायला जागा शोधणारी आत्या मानसी मागाहून. पाळणा हॉलमध्ये, खिडकीजवळ, मोगऱ्याच्या गजऱ्यांनी मढवलेला. श्रुतिकाने तोडगा काढला होता, खाली आईची गोधडी आणि वर सासूबाईंचं ब्लँकेट. आगाशेबाई पाळण्यावर वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"सुगंधाताई, कसला तरी... वास येतोय का?"

सुगंधाबाईंनी नाक वर केलं. त्यांचे डोळे बारीक झाले. ते डोळे आपल्याकडे वळायच्या आत परब मध्ये घुसले.

"समुद्राचा! गोधडीचं कापड खास मालवणला पाठवून खाऱ्या वाऱ्यात वाळवलंय. पूर्वी राजघराण्यातल्या मुलांना अशाच गोधड्यांत निजवायचे. छाती मजबूत होते!"

"अस्सं?" आगाशेबाईंनी पुन्हा हुंगलं. "काहीतरी आयुर्वेदिक वाटतंय खरं."

परबांनी सुटकेचा श्वास टाकला, पण तेवढ्यात शकुवहिनी पदराने वारा घेत ओरडल्या, "अगो बाई, ह्या घरात काय माणसं उकडतायत काय? खिडकी कोणी लावली?" आणि त्यांनी खिडकी सताड उघडली!

त्याच वेळी बाळाने लंगोट भिजवला. श्रुतिका तिला घेऊन हळूच आतल्या खोलीत गेली, बाकीच्या बायका पेढ्यांच्या ताटाकडे वळल्या, आणि मानसी धापा टाकत दारातून आत आली. फोटो चांगला यावा म्हणून तिने चष्मा आधीच काढून ठेवला होता.

"सॉरी, सॉरी! पार्किंगच मिळेना. बाळाला ठेवलंत ना?"

ब्लँकेटखाली चांगला उंचवटा दिसत होता. हलतही होता.

"इश्श, किती गं हलतंय!" शकुवहिनी कौतुकाने म्हणाल्या. "आणि बाळसं बघा!"

मानसी पाळण्यात वाकली, ब्लँकेटच्या कडेशी तोंड नेलं आणि कुजबुजली, "रेवा!" बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपके घातले. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून श्रुतिका बाळाला घेऊन बाहेर आली.

"मानसीताई, आलात? झालं हं, आता ठेवते हिला पाळण्यात."

सगळ्यांनी बाळाकडे बघितलं. मग पाळण्याकडे. मग पुन्हा बाळाकडे.

"म्यांव," पाळणा म्हणाला.

मानसीच्या किंकाळीने खंडू जो उडाला, तो दातात गोधडीचा कोपरा घेऊनच! परबांचे टाके ते, कितीसा दम धरणार? टर्रर्रकन कोपरा उसवला आणि हॉलभर जवळ्याचा वर्षाव झाला. पेढ्यांवर जवळा, गजऱ्यांवर जवळा, आणि आगाशेबाईंच्या रेशमी निऱ्यांत जवळा! खंडू खिडकीतून पसार.

"हे... काय आहे?" आगाशेबाईंनी विचारलं.

"सुकवलेली फुलं," परब म्हणाले. "समुद्रातली."

"गप ऱ्हवा!" सुगंधाबाई कडाडल्या. मग त्यांचा आवाजच उतरला. "जवळा आहे तो, विहीणबाई. गोधडी उपाशी ठेवायची नाही, अशी आमच्यात रीत. मी चार दाणे तांदूळ म्हटलं होतं. यांनी बाजार भरला." त्यांनी गोधडी उचलली आणि घडी घालायला लागल्या. "राहू दे. थंडीपासून टाका टाका घालतेय हो, पण राहू दे. तुमच्या ब्लँकेटवरच निजवा."

परब नुसते जमिनीवर बसून एकेक कोळंबी वेचू लागले.

या गोंधळाने बाळ दचकून असं रडायला लागलं, की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. श्रुतिकाने थोपटलं, सौरभने खुळखुळा वाजवला, आगाशेबाईंनी ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. उलट आवाज वाढला! शेवटी श्रुतिका म्हणाली, "आई, ती गोधडी दे बघू."

गोधडीवर ठेवताच बाळाने मान फिरवली. नाक त्या फाटक्या कोपऱ्यात खुपसलं. एक उसासा टाकला. आणि गाढ झोपलं!

आगाशेबाईंनी अविश्वासाने कोपरा हळूच दूर केला. भोकाड! पुन्हा नाकाशी नेला. शांत. पुन्हा दूर केला. भोकाड! दिव्याचं बटण असावं तसं.

"आमच्या घराण्यात..." आगाशेबाई म्हणता म्हणता पुन्हा नातीकडे वाकल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि चक्क चटईवर बसल्या.

"सुगंधाताई, सुई आणा. कोपरा उघडा राहिला तर तो मेला पुन्हा येईल."

"आणि आतलं काढू ना?"

"असू दे थोडं," आगाशेबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. एका फटक्यात ओवला बरं का! "पण वर आमचे तांदूळ घाला. निदान मुलीला निवड तरी राहील."

दोन्ही विहिणी हसत हसत कोपरा शिवत बसल्या. ब्लँकेट शकुवहिनींनी पेढ्यांवर झाकायला घेतलं. परब संध्याकाळी फाटकापाशी गेले आणि गोधडी आपणच शिवल्याचं सांगू लागले, पण तोवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. इस्त्रीवाला म्हणाला, "काका, झकास! पुढची गोधडी बोंबलाची का?"

आता श्रुतिका बाळासकट पार्ल्याला गेली आहे. मुलुंडला "रेवा" अशी हाक मारली, की खंडू शेपटी वर करून धावत येतो. नाव आधी त्याचंच ठेवलं गेलं, त्याचा काय दोष?

परवा दुपारी परब पेरूखाली आडवे झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. आगाशेबाई होत्या. आवाज अगदी हळू.

"चंद्रप्रकाशराव, गोधडी धुतली हो चुकून. वास गेला सगळा. कालपासून ना पोर झोपली, ना आम्ही. तेवढं... ते समुद्रातलं... थोडं आणून द्याल का?"

"मूठभर की दोन मुठी?" परबांनी छाती फुगवून विचारलं.

"आणा हो पिशवीभर! पण घट्ट डब्यात आणा, आणि वरती मेतकूट असं लिहून आणा. आणि कोपरा कृपा करून तुम्ही शिवू नका!"