चंद्रकला देवींच्या मृत्यूचा दाखला

हयातसिंह महरांनी सकाळच्या चहाबरोबर गुळाचा खडा दाताखाली फोडला, आणि तो साबण निघाला.

आमच्या पिथौरागढच्या डोंगरात चहात साखर घालायची पद्धत नाही. हातावर गुळाचा खडा घ्यायचा. एक चावा, एक घोट. त्यामुळे चूक कळेपर्यंत हयातसिंहांच्या मिश्यांना फेस आला होता. आठवड्यातली ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळा ते मुकाट्याने अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून आले होते. (अठरा वर्षं फौजेच्या लंगरचं जेवलेला माणूस साबणाला घाबरत नाही.) पण आज त्यांनी तोंड उघडलं.

"हरीशची आई, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"मोतीबिंदू नाही, धुकं आहे," ती म्हणाली. भर मे महिना होता.

गावात आलेल्या डॉक्टरने मात्र स्पष्ट सांगितलं, की दिवाळीच्या आत ऑपरेशन झालं नाही तर उजवा डोळा हातचा जाईल. त्या दिवसापासून ती झऱ्यावर पाण्याला जाताना पावलं मोजू लागली. मोजते हे कुणाला कळू नये म्हणून देवाचं नाव घेतल्यासारखी पुटपुटायची. हयातसिंह मागून बघायचे.

"फौजी इस्पितळात करू," त्यांनी जाहीर केलं. "लान्स नायकाची बायको आहेस तू. एक कार्ड काढलं की झालं."

एक कार्ड काढलं की झालं! असं म्हणणाऱ्या माणसाच्या चपला कशा झिजतात, हे आमच्या गावात आता लहान पोरांनाही ठाऊक आहे.

जिल्ह्याच्या गावी माजी सैनिकांची कागदपत्रं बघणारे कापडी नावाचे बाबू होते. स्वतः निवृत्त हवालदार, स्वभावाने गोड. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला (हयातसिंहांनी गूळ आधी हुंगून घेतला) आणि विचारलं, "वहिनींचं नाव काय, दाज्यू?" (दाज्यू म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ.)

हयातसिंह छताकडे बघू लागले.

आमच्याकडे जुना माणूस बायकोचं नाव घेत नाही. घेतलं तर तिचं आयुष्य कमी होतं म्हणतात. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी ते एकदाही घेतलं नव्हतं. ती पदर सावरून जमिनीकडे बघू लागली.

"बरं, राहू द्या. रेकॉर्डमध्ये असेलच," म्हणत बाबूंनी फाईल उघडली. "हं. पत्नी, चंद्रकला देवी."

ती सावकाश उभी राहिली. "कोण?"

हयातसिंहांच्या कपाळावर घाम आला. ते नाव त्यांनी पुरतं ओळखलं होतं. "अगं, ते खेचर होतं!"

"बाईमाणसाला शिव्या देऊ नका," ती म्हणाली. "माझ्या आधीची असली तरी."

"तुझ्या आधीची नाही गं, तुझ्यानंतरची!"

(माणसाने काही वेळा खरं बोलू नये, तशी ही वेळ होती.)

घडलं होतं ते असं. हयातसिंह फौजेत खेचर हाकायचे. लग्न करून रजेवरून परतले, एक नवं खेचर वाट्याला आलं, आणि काही दिवसांनी पलटणीच्या कारकुनाने कुटुंबाचा तक्ता भरायला घेतला. बायकोचं नाव विचारलं, आणि नवा नवरा लाजून लालबुंद, ओठ शिवलेले. मागे रांग थंडीने कुडकुडत होती. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या पदमसिंहाने नव्या सोबत्याची अडचण ओळखली. कालपासून हयातसिंह ज्या नावाने लाडीगोडी लावतो, झोपेतही ज्या नावाने हाका मारतो, ते नाव त्याने मोठ्या विश्वासाने सांगून टाकलं. तो त्या पलटणीत कालच आला होता, त्याला काय माहीत! कारकुनाने लिहिलं, हयातसिंहांनी न वाचता सही ठोकली, आणि चंद्रकला नावाचं तपकिरी खेचर सरकारदरबारी सौभाग्यवती झालं.

हे सगळं ऐकून कापडी बाबू टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. वर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "पण दाज्यू, कागदावर पाय किती ते लिहिलेलं नाही. कागदाच्या लेखी ती पत्नी आहे. दुसरं नाव चढवायचं तर पहिलं उतरवावं लागेल. त्याला दोनच वाटा. घटस्फोट, नाहीतर मृत्यूचा दाखला."

घरी चार दिवस त्यांच्या ताटात भटाची, म्हणजे काळ्या सोयाबीनची, डाळ, भात, सगळं वेळेवर पडत होतं, पण ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज जरा मोठा येत होता. पाचव्या दिवशी हयातसिंहांनी काळी ट्रंक उपसली आणि तळातून एक फोटो काढला. तिने तो उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"चेहरा जरा लांबट आहे," ती अखेर म्हणाली. "पण केस छान आहेत."

"अगं, पाय मोज!"

तिने बोटाने मोजले. दोनदा मोजले. मग पदर तोंडावर घेऊन ती इतकी हसली, की शेजारची म्हैस दावं ओढून बघायला लागली. हयातसिंहांना वाटलं, सुटलो. पण हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसून ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, डोळे जाताना तुम्हीपण चाललात." हयातसिंह उठून म्हशीला चारा घालून आले, गरज नसताना.

आता राहिला दाखला. हयातसिंहांनी खेचरांच्या जुन्या पलटणीला पत्र टाकलं. 'माझी पत्नी चंद्रकला, जी खेचर होती, तिच्या मृत्यूचा दाखला मिळावा.' (हे पत्र तिथे कुठल्या खोलीत किती जणांनी वाचलं असेल, याचा विचार ते आजही टाळतात.) जून गेला, जुलै गेला. ती झऱ्याची पावलं आता मोठ्याने मोजत होती. लपवण्यात अर्थ उरला नव्हता. भाद्रपद लागताच कापडी बाबूंचा निरोप आला, दोघंही या.

पलटणीतल्या कुणा भल्या अधिकाऱ्याने जुनी कपाटं उपसून खेचराचा अख्खा सेवापट पाठवला होता. वर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'महरा साहेब, उशिराबद्दल माफी.' साहेब म्हटलेलं बघून हयातसिंहांची छाती फुगली.

"वाचा मोठ्याने," ते म्हणाले. हीच त्यांची चूक.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात हयातसिंह हिमवादळात सापडले होते आणि एका खेचराला वाचवून परत आले होते, हे सगळ्या गावाला तोंडपाठ होतं. सुरुवातीला त्यांनी ते खेचर ओढत आणलं होतं. हरीशच्या लग्नापर्यंत ढकलत, आणि नातू झाल्यावर चक्क खांद्यावर घालून. त्या गोष्टीत खेचराला नाव मात्र कधीच नव्हतं.

बाबू वाचू लागले. "खेचर चंद्रकला. सेवा सोळा वर्षं. स्वभाव, जबाबदार. विशेष नोंद: हिमवादळात वाट चुकून बेशुद्ध पडलेल्या चालकास कॉलरला दातांनी धरून ओढले, व तो शेपटीस धरून चालू लागल्यावर रात्रभर चालून चौकीवर सुखरूप आणले. चालकाचे नाव, हयातसिंह. निवृत्तीनंतर पलटणीच्या तबेल्यात शांतपणे मृत्यू."

हयातसिंह आपल्या बुटांकडे बघत होते. ज्याने जीव वाचवला त्याचं नाव घेतलं की आपली मान खाली जाते, म्हणून त्यांनी ते चाळीस वर्षं गिळलं होतं. आता मान खाली गेलीच होती, पण आश्चर्य म्हणजे त्यांना हलकं वाटत होतं.

ती म्हणाली, "तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. हरीश पोटात होता." मग तिने चाचपडत तो कागद हातात घेतला आणि कपाळाला लावला. "बाई गं, तू आणलंस म्हणून."

कापडी बाबूंनी नाक शिंकरलं आणि पेन उचललं. "आता दाज्यू, तुम्ही स्वतः माझ्यासमोर नाव सांगायचं. नियम आहे."

हयातसिंह उठले. इकडे तिकडे बघितलं. मग एकदम टाच टाचेला ठोकून सावधानमध्ये उभे राहिले आणि परेडच्या मैदानावर हजेरी द्यावी तसे ओरडले, "जसुली देवी, साहेब!"

शेजारच्या खोलीतले तीन माजी सैनिक सवयीने उभे राहिले. जसुली लाजून बाकावर बसली ती उठेचना.

महिन्याभरात दुरुस्त रेकॉर्ड आलं. पहिली पत्नी चंद्रकला देवी, मृत. दुसरी पत्नी जसुली देवी. कापडी बाबू 'दुसरी' काढायला पुन्हा लिहायला तयार होते, पण तीच म्हणाली, "राहू द्या. तिच्यामुळे तर मी सवाष्ण आहे. तिचा मान पहिला." पितृपक्षातल्या नवमीला तिने सवतीसाठी पान वाढलं. खिरीऐवजी भिजवलेले हरभरे आणि गूळ. भटजींनी विचारलं, यजमानीण काय खायच्या? हयातसिंह छताकडे बघत राहिले.

दसऱ्याच्या आधी ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर जसुलीने डॉक्टरांना हात जोडले, नर्सला जोडले, दारातल्या शिपायालाही जोडले. हयातसिंहांनी तर इस्पितळाच्या फाटकाला सलाम ठोकला. घरी आल्यावर तिने आधी तो फोटो पाहिला, नीट, बराच वेळ, आणि देवघराशेजारी लावला. झऱ्यावर जाताना ती आता मोजत नाही, गाणं म्हणते.

हयातसिंह इतके खुशीत, की संध्याकाळी त्याच पदमसिंहाने निवृत्तीनंतर आमच्या गावात टाकलेल्या दुकानात बसल्या बसल्या त्यांची जीभ सैल सुटली. नवे श्रोते होते, मास्तर होते. वादळ सुरू झालं, बर्फ कमरेपर्यंत आलं. रस्त्याने जसुली गवताचा भारा घेऊन जात होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. "आणि मग," ते म्हणाले, "मी त्या खेचराला घातलं खांद्यावर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला. सोबत गुळाचा खडा. आता काय काळजी! त्यांनी न हुंगता चावा घेतला.

मिश्यांवर फेस आला. "अगं!" ते ओरडले. "अजून दिसत नाही का तुला?"

"लख्ख दिसतं," जसुली म्हणाली. "म्हणून तर शोधून मोठा दिला."