चार बॅगा, चाकांसह

फुजैल मुकादम यांना दर शुक्रवारी सकाळी सहापासून जुम्म्याच्या नमाजपर्यंत आनंद होत असे. बाकीचा आठवडा ते दोहाच्या वेस्ट बे भागातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते.

आनंदाचं कारण म्हणजे सेल. दोहा सोडून जाणारे गोरे साहेब सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी लावत: 'लीव्हिंग सेल, शुक्रवार, सकाळी सात', आणि खाली बंगल्याचा पत्ता. फुजैलभाई गुरुवारी संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या वहीत उतरवून घेत आणि सातच्या सेलला साडेसहाला पोचत. साहेब तेव्हा गॅरेजचं शटर वर करत असे. हातात चहाचा मग, चेहऱ्यावर विमान चुकण्याची भीती.

"अशा माणसाशी भाव करायचा नाही, आफताबभाई," ते मला शिकवत. "वस्तूकडे बघून नुसता उसासा टाकायचा. तो आपणच भाव उतरवतो."

दोहाच्या नजमा भागात आम्ही एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहत होतो. ते दापोलीकडचे, मी म्हसळ्याचा. कंपनीही एकच, मी स्टोअरला. त्यामुळे त्यांची प्रत्येक खरेदी आधी मला दाखवली जाई. पाव भाजायचं यंत्र होतं, त्याची पुस्तिका जर्मनमध्ये. एकदा तर बर्फावरून घसरायच्या पट्ट्यांची जोडी आणली.

"अब्बा, धिस इज अ डेझर्ट," त्यांची जिक्रा म्हणाली.

"म्हणूनच स्वस्त मिळाल्या," फुजैलभाई म्हणाले. "बर्फ पडल्यावर कोण देईल या भावात?"

बिलकिसभाबींनी पट्ट्या पलंगाखाली सरकवल्या. पलंगही सेलचाच होता.

दोन हजार पाच सालच्या मार्चमधल्या एका शुक्रवारी, रास लफानच्या गॅस कारखान्यात नोकरी करून परत निघालेल्या एका साहेबाच्या दारात त्यांना चार मोठ्या बॅगांचा सेट मिळाला. चाकांसह. चार बॅगा मिळून आठ शावर्म्यांच्या भावात. बॅगा एकात एक बसणाऱ्या होत्या. पण चाकं तपासण्याच्या उत्साहात फुजैलभाईंनी त्या एकेक करून, चार खेपांत, जिन्यावरून खडखड ओढत वर आणल्या. सगळ्या इमारतीने ऐकलं.

कतारमध्ये एक मोठी बॅग म्हणजे रजा. दोन म्हणजे कुटुंबासह रजा. चार म्हणजे खलास, कायमचं घरी.

मी शेजारधर्म म्हणून लगेच गेलो. "फुजैलभाई, कधी?"

"काय कधी?"

"नाही, काही नाही. फ्रीज कोणाला द्यायचं बोललात का?"

ते हसले. आपण कुठेही जात नाही, बॅगा स्वस्त होत्या म्हणून घेतल्या, असं म्हणाले. माझ्या मनाला फार लागलं. अकरा वर्षांचा शेजारी आणि नोकरी गेल्याचं लपवतो! तेवढ्यात माझी बायको फरजाना टेप घेऊन आली आणि त्यांच्या पडद्यांची लांबी मोजू लागली.

"भाबी, हे काय?" बिलकिसभाबी म्हणाल्या.

"असू दे गं," फरजानाने त्यांचा हात दाबला. "मला सांगायला नको काही. मी समजले."

मी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. फक्त कंपनीच्या बसचा ड्रायव्हर मच्छिंद्र, तेवढ्यालाच बोललो. तो एकटा राहतो, त्याला गॅसची शेगडी हवी होती.

बुधवारी फुजैलभाईंना पर्सोनेलमधून बोलावणं आलं. पर्सोनेल ऑफिसर पोपटराव हे सातारचे. नियमाबाहेर शिंकतही नसत.

"मुकादम, तुमचा राजीनामा या कार्यालयास अद्याप प्राप्त झालेला नाही," ते म्हणाले.

"मी दिलेलाच नाही, साहेब."

"तेच म्हणतो मी. विलंब झालेला आहे. तुमच्या जागेसाठी नऊ अर्ज आलेत. ते कोणत्या फायलीत लावू?"

फुजैलभाईंनी बॅगांची हकीकत सांगितली.

"प्रवास नव्हता, तर खरेदीचं प्रयोजन काय?"

"स्वस्त होत्या."

पोपटरावांनी लिहिलं: 'प्रयोजन: नाही.' मग ते जरा मऊ झाले. "हे पाहा, कर्मचारी जात नसल्याची नोंद करण्याची कंपनीत सोय नाही. कारण तसं कोणी कधी कळवत नाही. मात्र राजीनामा मागे घेण्याचा फॉर्म आहे. तो भरा, विषय संपला. सोबत राजीनाम्याची प्रत जोडावी लागते."

"पण राजीनामाच नाही."

"मग तो आधी द्यावा लागेल. प्रतीशिवाय फॉर्म कसा घेऊ?"

दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. पण फुजैलभाईंनी अकरा वर्षं जोडपत्र नसलेले नकाशे परत पाठवण्याचीच नोकरी केली होती. त्यांना हे म्हणणं पटलं. त्यांनी तिथेच राजीनामा लिहिला आणि तिथेच तो मागे घेतला.

राजीनामा जागा रिकामी करणारा कागद होता, म्हणून तो तातडीच्या टपालाने गेला आणि दुपारपर्यंत मंजूर झाला. मागे घेण्याच्या फॉर्मला तीन सह्या हव्या होत्या. त्यातले एक साहेब रजेवर होते. ते आले, तेव्हा त्यांनी शेरा मारला: 'बॅगा प्रवासासाठी नव्हत्या, हे सिद्ध करणारी पावती जोडावी.'

"सेलमध्ये पावती नसते," फुजैलभाई म्हणाले.

"मग विक्रेत्याचं पत्र आणा," पोपटराव म्हणाले.

विक्रेता देश सोडून गेला होता. म्हणूनच तर त्याने सेल लावला होता.

तोवर नवा माणूस रुजू झालाही. व्हिसा कंपनीचा, फ्लॅट कंपनीच्या भत्त्याचा. फुजैलभाईंना तीस दिवस मिळाले. जिक्राने शाळेतून दाखला आणला आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. बिलकिसभाबी बोलल्या, पण एकदाच: "माणसं रागाने नोकरी सोडतात, आजाराने सोडतात. तुम्ही फॉर्म पुरा असावा म्हणून सोडलीत."

शेवटच्या शुक्रवारी त्यांच्या फ्लॅटमध्ये सेल लागला. साडेसहालाच जिन्यात रांग होती. मी आदल्या दिवशीच चिठ्ठी लावायला मदत केली होती, त्यामुळे पहिला नंबर माझा होता.

बिलकिसभाबींना भाव सांगता येईना. कोणी मसाल्याचा डबा उचलला की त्यांच्या तोंडून, "तो रोजचा आहे," एवढंच निघे. फुजैलभाई मात्र सुरुवातीला खिडकीशी उभे होते, आणि मग इतक्या वर्षांच्या सेलचा अनुभव त्यांना आवरेना. एक मल्याळी बाई कपाटाला हो म्हणणार, तोच ते पुढे झाले.

"मॅडम, एवढ्यात घेऊ नका. बारानंतर या. नमाजनंतर आम्ही घाबरतो, अर्ध्यात देतो."

"अवो, कपाट आपलं आहे!" भाबी ओरडल्या.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण भाव जास्त होतोय गं."

आणि खोलीभर माणसं असताना ते मोकळ्या झालेल्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. सगळ्यांनी नजर फिरवली. मला तर भडभडून आलं. फ्रीजचा भाव त्याच वेळी ठरवून टाकला. तशा अवस्थेत त्यांना आणखी त्रास देणं बरं दिसलं नसतं.

मंगळवारी ते गेले. मी विमानतळापर्यंत सोडायला गेलो होतो, मिठी मारली, दोघंही रडलो. घर आठवडाभर सुनं वाटलं.

तुम्हालाही वाईट वाटलं असेल. वाटायलाच हवं, तुम्ही मनाने चांगली माणसं आहात. म्हणून फक्त तुम्हाला सांगतो, पुढे बोलू नका. आमच्याच गल्लीत एकाची किडनी बिघडली आहे, महिनाअखेर गावाला जायचं ठरतंय. बायको अगदी गांगरलेली, भाव ताणून धरायची नाही. त्यांच्याकडे सागवानी पलंग आहे.

हो, डबल आहे.