हलकियम

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, आणि सासूबाईंनी ती परस्पर रद्द करून टाकली.

"आधी हलकियम घेऊन बघते," त्या म्हणाल्या.

जावयाच्या हातातला चहा सांडला. हलकियम हे मूलद्रव्य त्याच्याच डोक्यातून निघालं होतं. एका साप्ताहिकात त्याची अवकाशकथा क्रमशः येत होती. तिचा नायक चिमूटभर हलकियम खाऊन कापसासारखा हलका होई आणि परग्रहावर टणाटण उड्या मारी.

"अहो आई, ते खोटं आहे! मी रचलंय ते."

"खोटं कसं? औषधवाला म्हणाला, संपलंय, सोमवारी येईल."

जावई तसाच चपला अडकवून दुकानात गेला. औषधवाल्याने जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलं नव्हतं.

"असं औषधच नाही जगात!" जावई ओरडला.

"तुटवडा आहे, मान्य," औषधवाला शांतपणे म्हणाला. "पण मागणी बघा ना! सकाळपासून माणसं विचारून जातायत. तुमच्यासाठी एक बाजूला ठेवू?"

घरी बायको दारातच उभी. "आईला धड जिना उतरता येत नाही, आणि तू तिला परग्रहावर नाचवतोयस! आता तूच निस्तर."

जावई तडक पुढचं प्रकरण लिहायला बसला. हलकियमने नायकाचे सगळे केस गळाले, भुवयासुद्धा! संपादकाच्या हातापाया पडून त्याने ते प्रकरण ताज्या अंकात घुसवलं.

अंक आला. सासूबाईंनी तो चष्मा लावून वाचला आणि विजयी मुद्रेने मिटला.

"बघा, म्हणजे खरंच आहे! खोट्या औषधाला दुष्परिणाम कशाला असतील?"

सासूबाईंचा हात मात्र आपोआप अंबाड्याकडे गेला.

"डॉक्टरांना फोन लाव गं," त्या लेकीला म्हणाल्या. "गुडघा कापला तरी चालेल, पण या वयात टक्कल नको बाई."

ऑपरेशन झकास झालं. सासूबाई काठी टेकत घरभर फिरू लागल्या. जावई त्यांच्यासाठी पट्ट्या आणायला दुकानात गेला, तेव्हा औषधवाल्याने आपणहून एक बाटली पुढे सरकवली.

"हलकियममुळे गळणाऱ्या केसांवरचं तेल. नवीन आलंय. हातोहात खपतंय."

जावयाने भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात काउंटरमागच्या आरशात आपलं कपाळ कुठवर पोचलंय ते त्याला दिसलं.

"येतात का हो खरंच?" त्याने हळूच विचारलं.