एक खोड सांगा

चौसाळ्यात कुणी गेलं, की दिवस मावळायच्या आत महालिंगअप्पा त्या घरी हजर. कपाळावर भस्माचे पट्टे, एका हातात पिठल्याची कढई, काखेत भाकऱ्यांचं फडकं. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीपाजारी जेवण नेतातच. पण अप्पा वाढायच्या आधी विचारतात, "गेलेल्याची एक खोड सांगा."

अप्पांचं किराणा दुकान आमच्या घराला लागून. गिऱ्हाइकाला हळद द्यायची विसरतील, पण मयताच्या घरी जायचं विसरणार नाहीत. "गुण सगळेच सांगत्यात," ते म्हणतात. "गुणानं माणूस देव व्हतो आन् लांब जातो. खोड सांगितली की हितंच बसतो."

एकदा निजामाच्या कचेरीतले पेशकारसाहेब वारले. मुलगा म्हणाला, "वालिद फरिश्ता होते."

"फरिश्ता घोरायचा का?" अप्पांनी विचारलं.

मला वाटलं, आज अप्पा मार खाणार. पण मुलगा म्हणाला, "इतके घोरायचे, की म्हैस दावं तोडायची!" हसता हसता तो ढसाढसा रडला आणि मग जेवला.

माझे वडील गेले तेव्हा अप्पांच्या त्या प्रश्नावर मी चिडलो होतो. "ते देवमाणूस होते," मी म्हणालो.

"देवाला भूक लागत न्हाई, तुला लागलीय. सांग बे."

शेवटी सांगितलं, की ते रोज माझेच जोडे घालून शेतात जायचे. तेव्हा कुठे पहिला घास घशाखाली उतरला. पिठलं खारट होतं. अप्पांच्या घरचं पिठलं नेहमीच खारट, पण दुखवट्यात चवीची तक्रार कोण करणार?

ते पिठलं करायच्या काशीकाकू, अप्पांची बायको. गेल्या उन्हाळ्यात त्याच गेल्या. अप्पांनी दुकान बंद केलं. तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. गावानं नेलेली ताटं भरलेलीच परत आली. चौथ्या दिवशी आमच्या हिनं केलेलं पिठलं घेऊन मी गेलो.

"अप्पा, काकूंची एक खोड सांगा."

"तिला खोडच नव्हती. येकबी न्हाई."

मला भीतीच वाटली. हा माणूस आता उठत नाही, असं वाटलं.

"नुसती चव तरी बघा," मी हात जोडले. माझ्या भिडेखातर त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"अळणी हाय."

"मग काकूंचं कसं असायचं?"

अप्पांचे खांदे हलायला लागले. "खारट! लई खारट! चाळीस वर्सं खाल्लं बे, येकदाबी बोललो न्हाई!" हसू आणि रडू एकदमच आलं, मलाही.

"मीठ आण," डोळे पुसत ते म्हणाले. दोन भाकरी खाल्ल्या.

आता अप्पा स्वतःच पिठलं करतात आणि दुखवट्याच्या घरी तसेच जातात. परवा मी त्यांच्या चुलीपाशी बसलो होतो. त्यांनी मीठ घातलं, चव घेतली, मान डोलावली. बेताचं झालं होतं. मग मिठाच्या मडक्यात पुन्हा हात घातला आणि आणखी चिमूटभर टाकलं.