पैंजण घालून फिरणारे नाना

अंबरपेठेत आमच्या गल्लीत पैंजण वाजले तर लगबगीनं खिडकीशी जाऊ नका. नवीन राहायला आलो तेव्हा मी गेलो होतो. बाहेर साठीचे, पांढऱ्या मिशांचे, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेले नाना सोनार चालले होते. दोन्ही पायांत घुंगरांचे पैंजण आणि चेहरा मात्र परीक्षेच्या वर्गातल्या मास्तरासारखा. मी स्वतः मास्तर आहे, त्यामुळे तो चेहरा ओळखतो.

नाना आमचे समोरचे शेजारी. मूळ परभणीकडचे, चांदीचं काम करणारी ही त्यांची चौथी पिढी. घराण्याचा कायदा असा की ज्यानं दागिना घडवला त्यानं तो आधी अंगावर घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. कुठे टोचतं, कुठला सांधा खुळखुळतो, ते गिऱ्हाइकाआधी घडवणाऱ्याला कळलं पाहिजे. त्यामुळे नाना कमरपट्टा बांधून भाजी आणायला गेलेले मी पाहिलेत. बारशाचे वाळे हातांच्या अंगठ्यांत अडकून बसले तेव्हा त्यांना चहा मीच बशी धरून पाजलाय.

रिक्षावाले हसायचे. नाना म्हणायचे, "हसू दे हौल्यांना, खुळे आहेत. कानाला मालूम पडतं, मास्तर." हे त्यांचं पालुपद. दुधात पाणी घातलंय हेही त्यांना कानाला मालूम पडायचं आणि आमचं नवराबायकोचं भांडण झालंय हेही.

दुसरा कायदा मात्र मला मुळीच पटत नसे. सांधा जोडायची विद्या फक्त मुलाला द्यायची. लेक परक्या घरी जाणार, म्हणून तिनं शेगडी फुंकायची, रिठ्याच्या पाण्यानं चांदी उजळायची, बस्स. नानांना वसंता आणि सुशीला अशी दोन मुलं. बायको केव्हाच गेलेली. वसंताला ऐरणीपेक्षा सरकारी कचेरी आवडली. छप्पन साली निजामाच्या जुन्या राज्याचे भाषेप्रमाणे तुकडे झाले, आमचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, तशी कचेरीतल्या माणसांचीही वाटणी झाली आणि वसंता औरंगाबादला गेला.

नानांनी त्याची हातोडी फडक्यात बांधून ठेवली. येईल परत, म्हणाले. वसंतानं तिकडेच संसार थाटला, तरी दर शनिवारी नाना ते फडकं सोडून हातोडीला तेल लावायचे. एव्हाना त्यांचा स्वतःचा हात थरथरू लागला होता. मला फार वाईट वाटायचं. इतकं देखणं काम त्या हातापाशी संपणार होतं आणि हे नानांना माझ्याआधी कळलं होतं.

माघात नानांना ताप भरला. हिमायतनगरच्या एका नवरीचे पैंजण अर्धवट पडले होते. ते सुशीलेनं पुरे केले; शेगडी फुंकता फुंकता इतकी वर्षं ती सगळं पाहत आली होती. दुपारी मी दारातून पाहिलं, तशी तिनं ओठांवर बोट ठेवलं. ताप उतरल्यावर बापाला तिनं खुशाल सांगितलं की हे तापाआधी तुम्हीच जोडून ठेवले होते. नानांनी पैंजण चढवले आणि निघाले.

लिंबाच्या झाडापर्यंत गेले आणि थांबले. आधी एक पाय आपटला, मग दुसरा. मी त्यांच्याच ओट्यावर बसून पाहत होतो. परत येऊन ते दारात उभे राहिले.

"सुशे, हे सांधे माझे नाहीत. माझा एखादा तरी आता खुळखुळतो."

"माझे आहेत, नाना." फुंकणी तिच्या हातातच होती.

चार पिढ्यांचा कायदा मोडला होता. मी मध्ये पडायला उठलो. पण नाना ओट्यावर टेकले, पैंजण काढले आणि सुशीलेपुढे ठेवले.

"ज्यानं घडवलं त्यानं चालायचं. घाल पायात."

सुशीला निघाली. सुरुवातीला लाजत, मग नीट पाऊल टाकत. नाना माझ्याशेजारी डोळे मिटून बसले होते. ती लिंबापासून वळली तेव्हा त्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "जिंदगीभर माझ्याच पायांत वाजले. दुरून आपल्या दाराकडे येताना कसे वाजतात, ते आज मालूम पडलं."

ती दाराशी पोचेपर्यंत त्यांनी आतून ते फडकं आणलं होतं. त्यांनी गाठ सोडली आणि तेल लावलेली हातोडी सुशीलेच्या हातात दिली.