तायडेंचं इंग्रजी

परदेशातल्या माणसावर नांदुऱ्यात बसून रोज खेकसणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. त्याचं नाव मिलिंद तायडे, आणि त्या खेकसण्याचं सभ्य इंग्रजी करणारी मी.

स्टेशन रोडवर तायडेंचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जातीचा दाखला, पीकविमा, पोलीस भरती, म्हणाल ते. हा झाला पोटापाण्याचा धंदा, जीव दुसरीकडे. कुणालाही स्वतःची वेबसाइट काढून तिच्यावर लिहिता यावं, असा एक प्रोग्राम आहे. तो कुठल्या कंपनीचा नाही. जगभरची हौशी मंडळी तो फुकट सांभाळतात, जुना कोड काढून नवा घालतात. त्यातल्या मुख्य सांभाळणाऱ्यांपैकी एक आमचे तायडे. हे गावात कुणाला सांगून पटत नाही. मलाही पहिले सहा महिने पटलं नव्हतं.

मुलीचा फॉर्म भरायला मी त्यांच्याकडे गेले आणि मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते हे त्यांना कळलं. तिथेच अडकले. "मॅडम, तिकडच्या लोकाइले इंग्रजीत दोन ओळी लिहून देता काय? भाषांतराच्या मशीनले माहं बोलणं समजत नाही," ते म्हणाले. त्या दोन ओळींना आता अकरा वर्षं झाली.

तायडे कोड मोठ्याने वाचतात, तोही लिहिणारा समोर बसलाय असं समजून. "काऊन बे, हे दोनदा काऊन लिहिलं? एकदा सांगून समजत नाही काय त्याले?" एकच गोष्ट दोनदा दिसली की त्यांचं डोकं फिरतं. ही खोड कोडपुरती राहिली असती तर माझी तक्रार नव्हती. शेजारच्या लग्नाची पत्रिका आली, तर 'सस्नेह', 'सप्रेम' आणि 'आग्रहाचे' यांतले दोन शब्द लाल पेनाने खोडून ती त्यांनी मुलीच्या बापाला परत नेऊन दिली. बापाने वर्षभर अबोला धरला. "पत्रिका हलकी झाली ना पण," एवढंच तायडे म्हणाले.

त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, विचाराल तर त्या वेगळंच सांगतील. "साऱ्या दुनियेचं दुरुस्त करून राह्यले हे, मॅडम. मोरीतला नळ दिवाळीपासून गळून राह्यला, तो दिसत नाही याइले."

नवा कोड कुणीही पाठवो, तायडे तो लगेच पास करत नाहीत. मोताळ्याच्या आठवडी बाजारात जातात, एखाद्या भाजीवालीचा तडा गेलेला मोबाइल मागून घेतात आणि रेंज येत-जात असताना त्यावर वेबसाइट उघडून पाहतात. "मोताळ्याच्या बाजारात उघडलं, म्हंजे साऱ्या जगात उघडते," हा त्यांचा सिद्धांत. परदेशातल्या जाणत्या मंडळींनी वाखाणलेलं काम मेथीच्या जुड्यांशेजारी नापास झालेलं मी स्वतः पाहिलंय. भाजीवालीचा शेरा अर्थातच मी कळवत नाही. 'चाचणी असमाधानकारक' असं लिहिते.

या मंडळींत पोलंडचा एक हेन्रिक आहे. तायडे त्याला हेंद्र्या म्हणतात. निम्मा जुना कोड त्याचा, म्हणून निम्मं खेकसणंही त्याच्या वाट्याचं. त्याने एकदा रजा मागताना मुलीच्या परीक्षेचं कारण दिलं होतं. तेव्हापासून खेकसण्याला शेपूट जडलं. "काऊन बे हेंद्र्या, डोकं गहाण ठेवलं काय? मागच्या खेपेले समजावलं होतं ना तुले. अन् पोरगी पास झाली काय? थंडी लय असन तिकडं. जेवून-खाऊन काम करत जाय, उपाशी पोटी असंच होते."

यावर मी लिही: 'आपल्या प्रयत्नांबद्दल आभार. कृपया या बदलाचा पुनर्विचार व्हावा.'

साऱ्या जगाला दिसणारी ती चर्चा. तिथे कुणाची पोरगी आणि कुणाचं जेवण कशाला? मी पुण्यात शिकले आहे. कुठे काय बोलावं याचं वळण मला आहे.

"एवढं बोललो, अन् एवढंच झालं?" तायडे विचारत.

"इंग्रजी आटोपशीर असतं," मी सांगे. त्यांचा माझ्यावर विश्वास. ते मान डोलावत. पोरीबद्दल हेन्रिककडून कधीच काही येत नसे. "लाजाळू हाय बिचारा," तायडे म्हणत आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारत.

लोक ज्या पडद्यावर आपला मजकूर लिहितात, तो प्रोग्रामचा भाग हेन्रिकने तरुणपणी एकट्याने लिहिला होता. यंदा तो बदलायचं ठरलं आणि जुना काढायचं काम तायडेंकडे आलं. महिनाभर खपून त्यांनी ते केलं. निरोप सांगायला बसले तेव्हा मात्र खेकसले नाहीत. "हेंद्र्या, तुह्यं काम लय वर्सं चाललं. मोताळ्याच्या बाजारात बी चाललं. आता काढून राह्यलो, पण हात होत नव्हता माहा. राग नको मानू." माझ्यापुढे बारावीच्या पेपरांचा गठ्ठा होता. मी लिहिलं: 'हा भाग कालबाह्य झाल्याने काढून टाकला आहे.'

दुसऱ्या दिवशी हेन्रिकचं एका ओळीचं उत्तर आलं. तो हे काम सोडत होता, सर्वांचे आभार.

मी दुकानात गेले तेव्हा पीकविम्याची रांग तशीच उभी होती आणि तायडे नुसते बसले होते. "असं काऊन केलं असन त्यानं?" त्यांनी मलाच विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, मी काय करतो हे या गावात कोणालेच समजत नाही. घरच्याइले वाटते, गेम खेळतो. त्याले समजे. एकटा तोच होता मले." पन्नाशी उलटलेला माणूस, त्याने रांगेकडे पाठ करून घेतली.

मी गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. पण मला माझीच लाज वाटली. मी सगळं सांगून टाकलं, कालची ओळ आणि तिच्या आधीची अकरा वर्षं. पोरगी, थंडी, जेवण, हेंद्र्या, यातलं काही म्हणजे काही पोलंडला पोचलं नव्हतं.

"म्हंजे अकरा वर्सं मी त्याच्याशी बोललोच नाही," तायडे म्हणाले.

ते माझ्यावर खेकसले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "लिहा. पण आता सुधारू नका. जसंच्या तसं पाह्यजे."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. 'बे'पाशी मी अडले. "तसंच ठेवा," ते म्हणाले, "अन् सांगा त्याले, आमच्याकडं घरच्या माणसालेच असं बोलतात." पोरीचं विचारलं. परत ये म्हणून सांगितलं, नाही आलास तर मी शिव्या देऊ कोणाच्या नावानं, असंही. सगळं झालं. मग म्हणाले, "आता वरतं एक ओळ टाका. हेंद्र्या, अकरा वर्सं मीच तुह्याशी तोडून बोललो. मनात लय होतं, सांगितलं नाही. मॅडमनं मी बोललो तेच लिहिलं, त्याहिची काही चूक नाही."

"तायडे भाऊ, हे खरं नाही."

"दुनिया वाचते ते. तुमचं नाव कायले खराब करायचं?" ते म्हणाले. "सुधारू नका म्हटलं ना."

चार दिवसांनी हेन्रिकचं लांबलचक उत्तर आलं. तो परत येत होता. मुलगी केव्हाच पास होऊन नोकरीला लागली होती. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तायडे म्हणजे कुणी कडक साहेब आहेत, आणि त्यांचं पत्र आलं की तो ते उघडायला दुसरा दिवस लावी. हे मी वाचून दाखवलं तेव्हा तायडे इतके हसले की रांगेतली माणसं आत डोकावून पाहू लागली. मला हसता आलं नाही. अकरा वर्षांत त्यांचं मी शब्दाला शब्द उतरवलेलं हे पहिलंच पत्र, त्यातली वरची ओळ तेवढी खोटी होती, आणि ती त्यांनी माझ्यासाठी सांगितली होती.